मागली भिंत

घर विकायचं ठरलं तेव्हा पोरानं मोबाईलवर जाहिरात केली. 'सिन्नरजवळ जुनं कौलारू घर, समोर धरणाचं पाणी, डोंगर.' वाचून मला हसू आलं. समोर चावडी आहे आणि तिच्या अंगाला उकिरडा. धरण मागं आहे.

आमचं गाव घोटी रस्त्याला, कोनांब्याच्या बाजूला. देवनदी इकडच्याच डोंगरांतून निघते. आजोबांनी घर बांधलं ते पश्चिमेला पाठ करून, कारण पावसाचा झोत तिकडून येतो. दगडमातीची दीड हात जाड भिंत. खिडकी एकही नाही, धूर जायला झरोका तेवढा. पाणी बघत बसायचं असतं, हे आमच्याकडं कुणाला माहीतच नव्हतं. पाणी आणायचं असतं. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. आई पहाटे नदीच्या पात्रात झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं हंडा भरायची. मी कंदील धरून उभा. हंडा भरेस्तोवर उजाडायचं, आणि तोवर मागं आणखी चार बाया येऊन बसलेल्या असायच्या.

आता गिऱ्हाईक मुंबईहून येतं. २०२३च्या मे महिन्यात समृद्धीचा शिर्डी ते भरवीर टप्पा सुरू झाला, तेव्हापासून गाड्या वाढल्या. शेत मागणारेही आले. पण शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो, तो कूळ कायदा १९४८ पासून आहे. गावठाणातल्या घराला ती अट नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर माझं नाव आहे. शेत मी ठेवलंय. घर ठेवता येईना. मंडळीच्या आजारपणात झालेलं कर्ज अजून डोक्यावर आहे, आणि ती गेल्यापासून मी पोराकडं नाशकातच असतो.

दिवाळीनंतर एक नवरा-बायको आले. भली माणसं. बाई थेट परसात गेल्या. पाणी काठोकाठ होतं, बगळे बसलेले. "इथं भिंत फोडून मोठी खिडकी काढू," म्हणाल्या. साहेबांनी मला विचारलं, "काका, पाणी वर्षभर असंच दिसतं ना?"

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. फोटो त्यानं सप्टेंबरातले लावले होते.

मी म्हणालो, "नाही साहेब. एप्रिलात पार खाली जातं. मे महिन्यात भेगाळलेला गाळ दिसतो आणि त्यात आमची जनावरं."

परत जाताना गाडीत पोरगं बोललं नाही. सिन्नर आल्यावर म्हणालं, "नाना, दोन लाख गेले."

"गेले," मी म्हणालो. ते पैसे कर्जातच जाणार होते, मला काय गोड वाटतंय का? पण मे महिन्यात त्या बाईनं खिडकी उघडली असती आणि मला शिव्या दिल्या असत्या. गावात माझं शेत आहे, तोंड दाखवायचं आहे.

आठ दिवसांनी साहेबांचा फोन आला. दोन लाख कमी करून घेतो म्हणाले. वर विचारलं, पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ घराबरोबर येणार का?

आईनं त्यात चाळीस वर्षं मिरच्या कुटल्या. मी दोन दिवसांनी सांगतो म्हणालो. काल पहार घेऊन गेलो होतो. अर्धं उकरलं, मग परत माती लोटली.