खांबावरचा माणूस

मृगाचा पहिला पाऊस गोव्यात दोन गोष्टी बरोबर घेऊन येतो: मातीचा वास आणि ‘लायट गेली’ ही आरोळी. ‘गेली’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. कोठे गेली, का गेली, हे सांगण्याची जबाबदारी ते घेत नाही. आम्हां वकिलांना मात्र कारण विचारल्यावाचून चैन पडत नाही.

गोव्याला लागणारी बहुतेक वीज कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या केंद्रांतून उच्च दाबाच्या तारांवरून येते. एवढा प्रवास ती बहुधा निर्विघ्नपणे करते. तिची वाट अडते ती घराजवळच्या शेवटच्या दोनचार कोसांत. रस्त्याकडेच्या खांबांवरून ११,००० व्होल्टांची तार गेलेली असते. तिच्यावर माडाचे झावळे पडले, किंवा ओल्या फांदीचा तिला स्पर्श झाला, की प्रवाह भलत्याच वाटेने धावतो. उपकेंद्रातील रिले हे ओळखतो आणि ब्रेकर क्षणार्धात प्रवाह तोडतो. पुष्कळ ठिकाणी काही सेकंदांनी तो आपण होऊन पुन्हा जोडून पाहतो. फांदी वाऱ्याने दूर झाली असेल तर दिवे टिकतात, नसेल तर पुन्हा मालवतात. दिव्यांची दोनतीनदा उघडझाप होऊन मग जो दीर्घ अंधार पडतो, त्याचे रहस्य हेच. तेव्हा वीज जात नाही, ती बुद्ध्या तोडली जाते. न तोडावी तर तुटलेली तार पायवाटेवर जिवंत पडून राहील.

पुढचे काम माणसाचे. मैलोगणती लांबीच्या फीडरवर दोष नेमका कोठे आहे, हे कोण सांगणार? लाइनमन मधले स्विच उघडून फीडरचे भाग पाडतात व एकेक भाग चालू करून पाहतात. ज्या भागाशी ब्रेकर पुन्हा पडतो, तेथे विजेरी घेऊन शोध सुरू होतो. निर्दोष भागाला आधी वीज मिळते. म्हणून पलीकडचा वाडा उजळतो आणि आपला काळोखात राहतो. त्यात कोणाचा वशिला असतोच असे नाही!

दोष सापडला तरी लगेच खांबावर चढता येत नाही. उपकेंद्राकडून ‘लाइन क्लिअर’ घ्यायचा, तार मृत असल्याची खात्री करायची, कामाच्या दोन्ही बाजूंना ती जमिनीशी जोडायची आणि मगच चढायचे. काम संपले की हाच क्रम उलटा. यात जाणारा वेळ घरात बसलेल्यांना दिरंगाईसारखा वाटतो.

‘वकीलबाब, लायट गेल्यार नुकसानभरपाय मेळटा?’ असे पक्षकार आम्हांला विचारतात. मिळू शकते. विद्युत अधिनियम, २००३ च्या ५७ व्या कलमात सेवेची मानके ठरविण्याची आणि ती न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी ती अधिक स्पष्ट केली. तक्रार अवश्य करावी. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटल्या नाहीत, याचा दोष पावसाच्या माथी मारता येत नाही. परंतु त्याच अधिनियमाखालील सुरक्षाविनियमांप्रमाणे तारेला हात लावण्यापूर्वी ती जमिनीशी जोडून निर्धोक करावी लागते. एकाच कायद्याच्या छायेत दोन हक्क उभे आहेत: आमचा उजेडाचा आणि खांबावरच्या माणसाचा जिवाचा. त्या दोहोंत तंटा झाला, तर निकाल द्यायला न्यायाधीश लागू नये.

तरीही दर पाच मिनिटांनी उपकेंद्राचा फोन खणखणतो. ओळखीच्या अधिकाऱ्यामार्फत ‘आधी चालू करा’ असे निरोप जातात. कोणी चेंजओव्हर स्विचवाचूनच जनरेटर घरच्या तारांना जोडतो. त्याचे २३० व्होल्ट उलट दिशेने ट्रान्सफॉर्मरमधून गेले की त्यांचे ११,००० होतात आणि मृत मानलेली तार जिवंत होते. जमिनीशी जोडलेल्या त्या दोन टोकांखेरीज वर चढलेल्याला मग दुसरे कोण राखणार?

तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडण्याची आपल्याकडे रीत आहे. वीज परत आल्यावरही घरातील वृद्ध माणसे सवयीने हात जोडतात. भिजलेला लाइनमन तेव्हा शिडी खांद्यावर टाकून पुढच्या खांबाकडे निघालेला असतो. त्या नमस्काराचा थोडा वाटा त्याच्याकडे जावा, आणि तो घरी पोहोचेपर्यंत आमची सबुरी टिकावी, एवढेच आमचे मागणे.