न लागलेल्या शब्दाची जागा

मोडी शिकायला येणारा माणूस मुळाक्षरांच्या तक्त्याला घाबरत नाही. तक्ता पाठ होतो, बाराखडी गिरवून होते, स्वतःचं नाव लिहिता आलं की आनंदही होतो. धडकी भरते ती पहिला खरा कागद समोर आला की. वरची रेघ पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसलग ओढलेली, तिच्याखाली अक्षरं एकमेकांत गुंतलेली. शब्द कुठे संपला याची खूण नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तक्त्यातलं एकही अक्षर ओळख देत नाही. मग बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य येतं : 'मला काही हे जमायचं नाही.'

मी बरीच वर्षं मोडी वाचते आणि शिकवते. या वाक्याला 'जमेल हो, धीर धरा' एवढं उत्तर पुरत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. पेशवाईतल्या कारकुनाने ते पत्र आपल्यासाठी लिहिलेलंच नसतं. ज्याला लिहिलं त्याला गाव माहीत, वाद माहीत, माणसं माहीत. निम्मा मजकूर त्याला लखोटा फोडण्याआधीच ठाऊक असायचा. म्हणून कारकून घाईत लिही, निम्मे शब्द तोडून लिही. आपण ते संदर्भ नसताना त्या घाईसमोर बसतो आणि अडलो की स्वतःच्या बुद्धीला बोल लावतो. हा हिशेबच चुकीचा आहे.

म्हणून मी आधी मायना वाचायला लावते. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' हे शब्द पत्रात येणार हे आपल्याला माहीत असतं. तेवढ्या एका ओळीत त्या लेखकाचा 'र' कसा वळतो, 'ल' कसा बसतो, काना तो अक्षराला कसा चिकटवतो, हे सापडतं. मग तारीख. 'इहिदे सबैन मया व अलफ' असं कुठेतरी दिसतं. हे अरबी आकडे : एक, सत्तर, शंभर, हजार. झाले 1171. हे शुहूर सन, मृगापासून सुरू होणारं. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1770 येतं, आणि पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळवायचे. ही बेरीज जुळते तेव्हा शिकणाऱ्याचा चेहरा बघावा. मी केलेल्या कौतुकाने जे होत नाही ते या पडताळ्याने होतं, कारण इथे कोणाच्या मताचा प्रश्नच उरत नाही. वाचलं ते बरोबर आहे, हे कागदच सांगतो.

माझ्या वर्गाला साताऱ्याकडचे एक शेतकरी यायला लागले. घरातल्या रुमालात बांधलेले जमिनीचे कागद स्वतः वाचायचे म्हणून आले होते. ते शेवटच्या बाकावर बसत आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. एकदा म्हणाले, 'मॅडम, ही शिकलेल्या लोकांची कामं. आमच्या घरात आधी कोणी या वाटेला गेलं नाही.' वर्गात इतिहासाची पदवी घेतलेली मुलं होती, भराभर वाचायची. त्यांच्याकडे बघून हे गृहस्थ दिवसेंदिवस आणखी गप्प होत चालले.

पुढे सारावसुलीचा एक कागद घेतला. एका शब्दावर सगळा वर्ग अडला. पहिलं अक्षर 'प', पुढे 'ट', नंतर एक गुंता. कोणी 'पाटील' म्हटलं, कोणी 'पेठ'. मागून आवाज आला, 'पाटस्थळ असेल. खाली मोटस्थळ आहे ना.' होतंच. पाटाच्या पाण्यावरची जमीन आणि मोटेच्या पाण्यावरची जमीन, दोन्हींचा आकार वेगळा. हा भेद त्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता. त्यानंतर खंडी, मण, जिराईत, बागाईत असे शब्द आले की वर्ग आपोआप मागे वळून बघायचा. त्यांचं अक्षरज्ञान त्या दिवशी तसूभरही वाढलं नव्हतं. आपल्यापाशी काय आहे ते मात्र त्यांना दिसलं, आणि माझ्या मते आत्मविश्वासाची सुरुवात तिथून होते.

पण ती सुरुवातच. हे काम जबाबदारीचं आहे. 2023 मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं, गाव नमुना 14, कपाटांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. अशा नोंदीतला एक शब्द अंदाजाने वाचला तर कोणाच्या तरी दाखल्याचं काहीच्या बाही होऊ शकतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना टिंबं द्यायला शिकवते. जे लागलं नाही तिथे टिंबं, जे शंकास्पद तिथे प्रश्नचिन्ह. नवख्याला याची फार लाज वाटते. पान टिंबांनी भरलं तर लोक काय म्हणतील, म्हणून तो काहीतरी ठोकून देतो. त्याला मी छापील साधनग्रंथ उघडून दाखवते. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, सरदेसायांनी साठी ओलांडल्यावर पेशवे दफ्तराचे 45 खंड काढले. आयुष्य या कागदांत घालवलेल्या माणसांचं हे काम. अशा ग्रंथांतही ओळीच्या मध्येच टिंबं येतात : कागद फाटलेला, शाई उडालेली, अक्षर गेलेलं. त्या टिंबांमुळेच बाकीच्या शब्दांवर भरवसा ठेवता येतो.

ते शेतकरी गृहस्थ आता स्वतःच्या रुमालातले कागद वाचतात. मध्यंतरी भाऊबंदांसमोर एका वाटणीपत्राचं लिप्यंतर वाचत होते. चुलत्यांनी विचारलं, 'इथे मोकळं का सोडलंस?' 'तिथलं अक्षर लागत नाही,' एवढंच सांगून त्यांनी पुढची ओळ घेतली. सध्या त्यांच्याकडे त्यांच्याच गावचा आणखी जुना कागद आहे, वळण अगदी निराळं. मायन्यातलं निम्मं लागलं आहे. तारखेतला 'अलफ' सापडला, त्याच्या अलीकडचा शब्द अजून अडतो आहे.