भरलेली धरणं, कोरड्या विहिरी

तीन वर्षं आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या कॅलिफोर्नियाला २०२२ च्या डिसेंबरअखेर पावसानं गाठलं आणि मग तो थांबेचना. तिथला पावसाळा हिवाळ्यातच असतो. नवल होतं ते पावसाच्या आवेशाचं. २०२० ते २०२२ ही राज्याच्या नोंदींतली सर्वांत कोरडी तीन वर्षं. त्यांच्या पाठोपाठ प्रशांत महासागरावरून बाष्पाचे लांबच लांब पट्टे येऊन थडकू लागले. हवामानशास्त्रज्ञ त्यांना वातावरणातल्या नद्या म्हणतात. २६ डिसेंबर ते १७ जानेवारी या काळात अशा नऊ नद्या राज्यावर रित्या झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोत ३१ डिसेंबरच्या एका दिवसात सुमारे १४० मिलिमीटर पाऊस झाला. एप्रिल उजाडला तेव्हा सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर सरासरीच्या दुपटीहून जास्त हिम साचलं होतं. करपलेल्या टेकड्या हिरव्यागार झाल्या, धरणांच्या काठचे उघडे पडलेले मातकट पट्टे पाण्याखाली गेले. दुष्काळ सरला असं वाटायला आणखी काय हवं? पण डोळ्यांना दिसणारं पाणी हा दुष्काळाचा अर्धाच हिशेब आहे. उरलेला अर्धा जमिनीखाली असतो, आणि तो पावसानं आपोआप चुकता होत नाही.

कॅलिफोर्नियातल्याच सॅन वाकीनच्या खोऱ्यात हे स्वच्छ दिसतं. कालव्यांना पाणी नसलं की इथला शेतकरी पंप सुरू करतो. कापसाचं रान एखादं वर्ष पडीक ठेवता येतं. बदामाची बाग तहानलेली ठेवता येत नाही. पाणी उपसलं गेलं की खालचे चिकणमातीचे थर दबतात आणि जमीन खचते. १९७७ मध्ये भूवैज्ञानिक जोसेफ पोलंड यांचं याच खोऱ्यात काढलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांच्या शेजारच्या खांबावर, डोक्याच्या खूप वर, १९२५ ही पाटी आहे. तेव्हा जमीन तिथे होती. बावन्न वर्षांत ती सुमारे ९ मीटर खाली गेली. असे घट्ट दबलेले थर पुन्हा पूर्वीसारखे फुगत नाहीत, मग वर कितीही कोसळो. शिवाय धरणं काही महिन्यांत भरली तरी विहिरींना वर्षानुवर्षं लागतात.

याच खोऱ्यात टुलारे सरोवर होतं, मिसिसिपीच्या पश्चिमेचं गोड्या पाण्याचं सर्वांत मोठं. नद्या वळवून ते आटवलं आणि तळाशी कापूस, टोमॅटो पिकवले गेले. २०२३ मध्ये ते परतलं आणि पिकं बुडाली. काठच्या कॉर्कोरन गावाला बांध उंच करावा लागला, कारण वर्षानुवर्षांच्या उपशानं बांधासकट गावच खचलं होतं. कोरड्या वर्षांतला उपसा असा ओल्या वर्षात पुराला वाट करून देतो.

म्हणून ओल्या वर्षातच पुराचं पाणी शेतांत सोडून जमिनीत जिरवायला हवं. यावर पहिला आक्षेप ठरलेला: त्यापेक्षा आणखी धरणं बांधा. पण हिवाळ्यात पुरासाठी धरणात जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणजे ऐन पावसात पाणी सोडून द्यावं लागतं. दुष्काळामागोमाग आलेल्या २०१७ च्या पावसात ओरोव्हिल धरणाचा सांडवा फुटला, तेव्हा सुमारे १,८८,००० लोकांना घरं सोडावी लागली. दुसरा आक्षेप असा, की दुष्काळ आणि पूर ही कॅलिफोर्नियाची जुनीच सवय आहे. खरं आहे. १८६२ च्या जानेवारीत लेलँड स्टॅनफर्ड यांना गव्हर्नरपदाच्या शपथेसाठी सॅक्रमेंटोच्या रस्त्यांवरून होडीनं जावं लागलं, आणि लगेच आलेल्या अवर्षणात गुरांचे कळप मेले. पण सवय माहीत असेल तर तिची तयारी न करण्याला सबब उरत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: पुराचं पाणी शेतात सोडलं तर मुळं कुजतील. प्रत्येक जमिनीला आणि प्रत्येक पिकाला हे मानवणार नाही, हे कबूल. मात्र फ्रेस्नोजवळच्या टेरानोव्हा रँचवर २०११ मध्ये द्राक्षबागांत पुराचं पाणी सोडलं गेलं आणि वेली तगल्या. हिवाळ्यात वेली निद्रिस्त असतात, वाळूमिश्रित जमीन पाणी पिते. अशा जमिनी हेरून, शेतकऱ्याला मोबदला देऊन हे करता येतं. सगळं पाणी अडवावं असंही नाही. समुद्राकडे जाणाऱ्या पाण्यावर सॅमन मासे आणि खाडीचं जीवन अवलंबून आहे.

भूजल उपशाला आवर घालणारा कायदा कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये केला, तोही ऐन दुष्काळात; सर्वाधिक उपसलेल्या खोऱ्यांना त्यात २०४० पर्यंत मुदत आहे. तहान लागल्यावर कायदा सुचतो, पाऊस आल्यावर तो पाळायचा कंटाळा येतो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आपण भिंती-भिंतींवर वाचली आहे. तिचा पहिला भाग उद्घाटनाच्या कोनशिलेवर मिरवतो. दुसऱ्यासाठी शांतपणे, ओल्या वर्षातच राबावं लागतं. तेव्हा दुष्काळ सरला की नाही, हे विहिरींची पातळी मोजून ठरवावं. तोवर भरलेल्या धरणाकडे पाहून पंप मोकळे सोडू नयेत.