वाटेत थांबण्याचे सुख

पुण्याहून रत्नागिरीला मोटारीने जाताना कऱ्हाडला अवश्य थांबावे. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात व एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. प्रीतिसंगमाच्या घाटावर थोडा वेळ बसले, तरी प्रवासाचा शीण उतरतो. मनात येईल तेथे असे थांबता येते, म्हणूनच ज्येष्ठांना मोटारीचा प्रवास आवडतो.

पण ‘थांबव रे’ म्हणायलाच माझे कित्येक वृद्ध रुग्ण संकोचतात. मुलांचा खोळंबा नको म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग आंबा घाटात चक्कर येते आणि दोष वळणांना दिला जातो! कोणी लघवीची गोळी परस्पर टाळतात, तेही घातक. शिवाय चार तासांहून अधिक एकाच जागी बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

तेव्हा मुलांनीच, न विचारता, दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी. स्वच्छतागृहात कमोड आहे का, हे स्वतः आधी पाहून यावे. पाण्याचे प्रमाण व गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचाराव्यात. इन्शुलिन तापलेल्या डिकीत ठेवू नये. घाट उतरून साखरपा आले, की चार पावले चालवावे. जुन्या एस.टी.च्या प्रवासाच्या गोष्टी आजोबा तेथे आपणहून सांगू लागतील.