सोवळ्यातील मुकटा

वडिलांच्या श्राद्धास आम्ही नेसतो तो मुकटा टसर रेशमाचा. बालाघाटकडे त्यास कोसाच म्हणतात. येथील रानात ऐन व अर्जुन यांच्या पाल्यावर ही अळी पोसतात. कोश विणून झाला, की ज्या ग्रंथींतून धागा आला त्या आतल्या आत विरून जातात. पतंगास कोशाबाहेर येण्यास साह्य करणारे पोटाचे स्नायूही, काम संपताच, सुमारे दोन दिवसांत मरतात. टसराच्या जवळच्या नात्यातील पतंगांत हे पाहून हार्वर्डच्या लॉकशिन व विल्यम्स यांनी १९६४ साली त्यास 'नियोजित पेशीमृत्यू' असे नाव दिले.

वकिलीमुळे मृत्यू म्हटला की कर्ता शोधण्याची आम्हांस खोड. येथे तो सापडेना; पेशी स्वतःच्याच शरीराची आज्ञा पाळते. मात्र धागा अखंड निघावा म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच आतला जीव वाफेने मारतात आणि कोश उकळतात. तेथे कर्ता शोधावा लागत नाही. नेसणारे आम्हीच.

हे आईस सांगितले. घडी घालता घालता ती थांबली. ''यंदा धूतवस्त्र नेस,'' एवढेच म्हणाली. मुकटा तिने पुन्हा पेटीत ठेवला. टाकून मात्र दिला नाही.