एका बाजूला जास्त

जिलेटचा जुना ॲडजस्टेबल रेझर हातात आला की लोक आधी चकती फिरवून बघतात. १ ते ९ आकडे नीट फिरले की माल चांगला, असं ठरवून मोकळे होतात. मी आधी त्यात ब्लेड घालतो, मूठ आवळतो आणि डोकं खिडकीच्या उजेडाकडे धरतो. धार आणि तिच्याखालचा गार्ड यांच्यामधून उजेडाची बारीक फट दिसते. ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. पुष्कळदा नसते. मग माणूस पक्कड शोधायला लागतो, आणि रेझर खरा बिघडतो तो तिथून पुढे.

*

ओळखीपुरतं. जाड मुठीचा ‘फॅटबॉय’ १९५८ ते १९६१ या काळातला. त्याचा अधिकृत क्रमांक १९५, कारण किंमत १.९५ डॉलर, फॅटबॉय हे नाव संग्राहकांनी मागाहून ठेवलेलं. त्याच्यामागून सडपातळ ‘स्लिम’ आला, १९६१ ते १९६८. नंतरचा लांब दांड्याचा, काळ्या मुठीचा ‘सुपर ॲडजस्टेबल’. डोक्याच्या खालच्या अंगाला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ‘डी’ म्हणजे १९५८, ‘ई’ १९५९, असं पुढे. ‘जे-२’ असेल तर तो १९६४च्या दुसऱ्या तिमाहीतला.

*

रचना साधी आहे. मुठीच्या तळाची घुंडी पिळली की डोक्यावरच्या दोन झडपा उघडतात. मधल्या बैठकीवर ब्लेड ठेवायचं, घुंडी उलटी पिळून झडपा मिटायच्या. डोक्याखालची चकती धार आणि गार्ड यांच्यातलं अंतर कमी-जास्त करते.

ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर, वर्कशॉपच्या भाषेत चार थाउ. एवढं पातळ पोलाद स्वतःच्या जोरावर दाढी करूच शकत नाही. वरून झडप आणि खालून बैठक यांनी ते दाबून धरलं, वाकवलं, की त्याला ताठपणा येतो. पातळ ब्लेड आणि त्याला बाहेरून आधार, ही किंग जिलेटच्या १९०४च्या पेटंटातलीच कल्पना. इतक्या पातळ पोलादाला पाणी देणारी आणि धार लावणारी यंत्रं विल्यम निकरसन या अभियंत्यानं जमवली म्हणून ती कागदाबाहेर आली. निकरसनचं नाव मात्र डब्यावर कधी आलं नाही.

तर आधार एका बाजूला जरा वेगळा पडला की त्या बाजूची धार वेगळी बसते.

*

निदान. हेच खरं काम, बाकी सगळं हमाली.

रेझरच्या एका बाजूला, गार्डच्या खाली, नेलपॉलिशचा ठिपका द्या. ब्लेडच्या एका कोपऱ्यावर मार्करनं खूण करा. चकती १ वर ठेवून बसवा, फट बघा, कोणत्या बाजूला जास्त ते लिहून ठेवा. मग ब्लेड काढून, उलथं न करता, जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा.

मोठी फट ब्लेडच्या खुणेबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष ब्लेडचा. ती ठिपक्याच्या बाजूलाच चिकटून राहिली, तर दोष रेझरचा. आणि प्रत्येक वेळी काहीतरी निराळंच दिसलं, तर दोष बसवण्याचा. ब्लेडमधली खाच आणि बैठकीवरचा उंचवटा यांच्यात थोडा ढिलेपणा असतोच, नाहीतर ब्लेड आत गेलंच नसतं. त्या ढिलेपणात ते कधी इकडे सरकतं, कधी तिकडे.

एकाच ब्लेडवर निकाल देऊ नये. दुसऱ्या बनावटीचं ब्लेड घेऊन हेच पुन्हा करावं. टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक, ठाण्याचं सुपर-मॅक्स, घरात जे असेल ते चालेल.

*

फट समोरून बघायची, पण डोकं वरूनही बघायचं. वरून पाहिल्यावर झडपेच्या काठाबाहेर धार किती डोकावते ते कळतं. एका बाजूला डावं टोक जास्त बाहेर आणि समोरच्या बाजूला त्याचं कर्णातलं टोक जास्त बाहेर असेल, तर ब्लेड तिरकं बसलंय, एवढंच. सैल करून सरळ बसवलं की काम झालं. फट एकाच बाजूला पाचरीसारखी असेल आणि दुसरी बाजू अगदी सरळ असेल, तेव्हा मात्र गार्ड किंवा झडप वाकल्याचा संशय घ्यावा.

*

दोन्ही बाजूंना सारखीच, पण १ वरसुद्धा भरमसाट फट? ती वेगळी गोष्ट. कोणीतरी रेझर पूर्ण उघडून परत जोडताना चकतीचे आकडे चुकीच्या जागी लावलेत. हा वाकडेपणा नाही, आणि त्यावर वाकवण्याचा उपाय तर मुळीच नाही.

*

मुंबईच्या चोर बाजारात एखादा जुना ॲडजस्टेबल रेझर दिसतो, तेव्हा त्याच्या झडपांखाली साबण आणि क्षार यांचा दगड झालेला असतो. बोअरच्या पाण्यानं दाढी करणाऱ्यांना हा दगड ठाऊक आहे. चार थाउच्या ब्लेडखाली तीन थाउचा कचरा असेल तर धार सरळ कशी बसेल?

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. झडपेच्या बिजागरीतून शिवणाचा दोरा आरपार ओढला की ब्रशला न सापडलेली घाण बाहेर येते. भिजत ठेवायचं ते रात्रभर, घाई नको. उकळत्या पाण्यात टाकू नये. व्हिनेगरमध्ये तासन्‌तास बुडवून ठेवण्याचा सल्ला मिळतो तो ऐकू नये. पितळेवरचा निकेलचा मुलामा निस्तेज होतो, आणि गेलेली झळाळी पॉलिशनं परत येत नाही. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घुंडीच्या आट्यांत, एक चकतीच्या खाली.

यानंतर ब्लेडच्या अर्ध्या फेऱ्याची परीक्षा परत घ्या. बऱ्याच रेझरांची गोष्ट इथेच संपते.

*

आवळताना: झडपा जवळजवळ मिटत आल्या की थांबायचं. टेबलावर घडी घातलेला पंचा, त्यावर डोकं उपडं टेकवायचं, हलका दाब द्यायचा आणि उरलेला फेरा पिळायचा. उपड्या अवस्थेत ब्लेड बैठकीवर सारखं दबतं. आवळायचं ते बोटांच्या जोरानं, मनगटाच्या नाही.

चकती फिरवण्याआधी घुंडी थोडी सैल करावी, आकडा बदलावा, मग परत आवळावी. करकचून आवळलेल्या रेझरची चकती फिरवणं म्हणजे आतल्या आट्यांना घासत नेणं.

*

जर्मनीतल्या झोलिंगेनचा मर्कुर ‘प्रोग्रेस’ वेगळ्या जातीचा. त्याला झडपा नाहीत; टोपी सुटी निघते आणि खालची एकच घुंडी आवळायचं आणि अंतर बदलायचं अशी दोन्ही कामं करते. ब्लेड तिरकं बसण्याबद्दल तो बदनाम आहे. उपाय सोपा: टोपीची दिशा बरोबर ठेवायची आणि ब्लेडची दोन बोथट टोकं चिमटीत धरून शेवटचा फेरा पिळायचा. त्याचाच भाऊ ‘फ्युचर’, त्याची टोपी खटका दाबल्यासारखी बसते आणि तशीच उडते. ओल्या, साबणाच्या हातांनी तिच्या वाटेला जाऊ नये. बोट कापलेल्यांची संख्या मोठी असणार.

*

आता खरोखर वाकलेला. बेसिनमध्ये पडून गार्डला पोक आला आहे, किंवा एक झडप दुसरीपेक्षा वर राहते.

ब्लेड काढून टाका. रिकामा रेझर मिटून झडपांमधली रेघ बघा. ती टोकापासून टोकापर्यंत सारखी असली तर झडपा निर्दोष. गार्डवर स्टीलची पट्टी उभी धरून मागे उजेड ठेवा, पोक कुठे आहे ते दिसेल. मोजायचंच असेल तर छपाईच्या कागदाच्या पट्ट्या कापा. साधा छपाईचा कागद साधारण ब्लेडइतकाच, ०.१ मिलिमीटर जाड असतो. जुनं ब्लेड बसवून, फटीत बाजूनं पट्ट्या सरकवून, कोणत्या बाजूला किती मावतात ते बघा. पोलादी फिलर गेज धारेला लावू नका.

सरळ करायचं ते अंगठ्यानं, मध्ये लाकडाची चपटी काडी ठेवून. थोडं दाबा, ब्लेड बसवून बघा, परत थोडं. जास्त झालं म्हणून उलट वाकवलं, मग परत सुलट, असं पितळ फार वेळा सोसत नाही. ते कडक होतं, मुलामा तडकतो. पक्कड वापरायची वेळ आलीच तर जबड्यांना चामडं गुंडाळा. बिजागरीच्या बारीक कानांना हात लावू नका, ते तुटले की सुटा भाग कुठे मिळायचा नाही.

*

दाढीवरून निदान करणं फसवं. उजवा गाल कापला म्हणून रेझरची उजवी बाजू वाईट ठरत नाही, कारण दाढी करताना आपण रेझर सारखा उलटवत असतो. ठिपका पाहून एक अख्खी दाढी एकाच बाजूनं करा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूनं. दोन्ही दाढ्या सारख्या वाटल्या तर उजेडात दिसणारा फरक विसरून जा. भिंग घेऊन बसलात तर प्रत्येक रेझरात खोट सापडेल. हे रेझर कारखान्यात लाखांनी निघालेत, घड्याळजीनं एकेक जुळवलेले नाहीत.

आणि फरक जाणवलाच, पण कापत नसेल? तर काहींना तेच आवडतं. भरल्या दाढीवर मोकळी बाजू, हनुवटीवर बेताची. मला हे पटत नाही, पण असा रेझर सुखानं वापरणाऱ्याला मी दुरुस्ती सुचवणार नाही.

*

जुने रेझर दुरुस्त करून विकणाऱ्यांना एक विनंती. झडप किंवा गार्ड वाकवून सरळ केला असेल, तर विकताना तसं स्पष्ट लिहा, आणि ब्लेड बसवलेल्या अवस्थेत दोन्ही बाजूंचे फोटो द्या. चकाकत्या मुठीचा फोटो घेणाऱ्याच्या काही कामाचा नाही.