तळाचा ठाव

चंदीगढास पहिल्यांदा येणाऱ्या मराठी पाहुण्याला आम्ही इथले रहिवासी दोन गोष्टी हमखास दाखवीत असू. एक सेक्टर १७ चा चौक आणि दुसरे सुखना तळे. चौकात एकाच मापाच्या चौमजली इमारती, एकाच अंतरावरचे खांब, फरसबंदीवर वाहनांना बंदी, आणि मध्ये कारंजे. पाहुणा म्हणे, "छान आहे, पण जरा आखल्यासारखे वाटते." मग आम्ही त्याला तळ्यावर नेत असू. समोर पाणी, पलीकडे शिवालिकच्या टेकड्या, आणि दिवस मावळला की दूर उंचावर कसौलीचे दिवे. पाहुणा खुलत असे. "हे मात्र खरे निसर्गाचे देणे!" असे तो म्हणाला की आमच्यापैकी कोणीतरी हळूच सांगे, की हेही आखलेलेच आहे. १९५८ साली सुखना नावाच्या पावसाळी ओढ्यावर बांध घालून हे तळे तयार केले. ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंते पी. एल. वर्मा यांच्या कल्पनेतून ते साकारले. बांधावरून मोटारी धावू नयेत, पाण्यात इंजिनाच्या नावा फिरू नयेत, इथे माणसाला शांतता मिळावी, असा कॉर्बुझिएचा आग्रह होता. त्याचा चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे याला हे तळे इतके प्रिय, की त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा १९७० मध्ये याच पाण्यात सोडण्यात आली.

इतके सांगून झाले की पाहुणचार संपे. पाहुणा पाणी पाहून परते, आणि आम्हीही. शहरातली हजारो माणसे या बांधावरून पहाटे-संध्याकाळी फेरफटका मारतात. त्यांतल्या बहुतेकांना तळ्याला तळ असतो, याची आठवण होण्याचे कारण पडत नाही. ती आठवण ज्यांना रोज ठेवावी लागते अशी एक छोटी जमात तळ्याच्या दूरच्या टोकाला, जिथे जादा पाणी सोडण्याचे दरवाजे आहेत तिथे बसत असे. त्या बाजूला 'रेग्युलेटर एंड' म्हणतात. ही जमात म्हणजे मत्स्यविभागाचा परवाना खिशात ठेवून गळ टाकणारी माणसे. १९९१ च्या आश्विनात मी त्यांच्यात जाऊन बसलो.

मी मूळचा चिपळूणचा. केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरी, १९८९ साली सेक्टर १७ मध्ये बदली झाली आणि ती निवृत्तीपर्यंत पुरली. लहानपणी मामाबरोबर गोवळकोटच्या धक्क्यावर मासे गरवायला जात असे. तिथे घड्याळाला कोणी विचारीत नसे. सारा कारभार भरती-ओहोटीचा. पाणी चढू लागले की वाशिष्ठीतली शेंगटी, तांबोशी काठाकडे येणार, हे मामाला पायाच्या बोटांनी कळे. सुखन्यावर आलो तेव्हा मला पहिली अडचण ही पडली, की या पाण्याला भरतीच नाही. मग मासा कोणत्या वेळी येणार?

याचे उत्तर मला एका सरदारजींनी दिले. वय साठीच्या घरात, पगडी फिकट निळी, बसण्यासाठी घडीची खुर्ची, आणि आमिषाला कणकेची गोळी. त्या गोळीत काय काय मिसळले आहे, हे त्यांनी मला सात वर्षांनी सांगितले. वाचकांना मी मुळीच सांगणार नाही. ते म्हणाले, "बाऊजी, तळ्याची भरती म्हणजे संध्याकाळ." आणि ते शब्दशः खरे आहे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव दिवसा उजेडाला भिऊन खोल असतात आणि तिन्हीसांजेला वर सरकतात. त्यांच्यामागे बारीक मासळी उथळ काठाकडे येते, आणि तिच्यामागे मोठे मिशाळ शिकारी, पंजाबीत ज्याला मल्ली म्हणतात आणि आपल्याकडे शिवडा, ते अंधाराच्या आडोशाने येतात. शरदात तर हा येण्याचा वेग वाढतो. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून त्या दिवसांत गळाला मनाई. ती उठेपर्यंत पाणी निवळू लागलेले असते. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार किंवा ऊन. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत त्याची भूक मंदावते, आणि ती मंदावण्यापूर्वी अंगात चार घास साठवून घ्यावेत, ही त्याची धडपड. थोडक्यात, दसऱ्यापासून दिवाळीच्या पुढे पंधरा दिवसांपर्यंत दिवस मावळतानाचा पाऊण तास, एवढाच आमचा सुगीचा हंगाम.

तो पाऊण तास गाठण्यासाठी माझी कोण तारांबळ उडे! पाचला कचेरी सुटे. सायकलच्या दांड्याला कापडात गुंडाळलेली काठी बांधलेली, ती पाहून आमचे एक वरिष्ठ रोज विचारीत, "पडद्याचा दांडा का?" जनमार्गाने सरळ उत्तरेला, मग उत्तरमार्गाने उजवीकडे तळ्यापर्यंत, तिथे सायकल ठेवून बांधावरून दूरच्या टोकाला तरातरा चालत. दसऱ्याच्या दिवशी सारे शहर सेक्टर १७ च्या परेड मैदानाकडे रावण पाहण्यासाठी लोटत असे आणि मी एकटा उलट्या दिशेने. पोहोचेपर्यंत सूर्य टेकलेला असे. सरदारजी मान न वळविता म्हणत, "बसा. अजून आला नाही."

गळ टाकणाऱ्याला तळाशी कर्तव्य का असते, हे इथे सांगितले पाहिजे. या तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे भाऊ एका घरात राहावेत तसे राहतात, पण मजले वेगळे. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ अगदी तळाशी, कुजलेल्या पाल्यावर. तेव्हा तरंगणारी काडी आणि गळ यांमध्ये दोरी किती सोडायची, हा सगळा प्रश्न. चार बोटे कमी पडली तर मृगळ तुमच्याखालून निघून जातो, आणि चार बोटे जास्त झाली तर गळ चिखलात जाऊन झोपतो. तेव्हा तळ कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याने काठावर शेंगदाणे खात बसावे.

सरदारजींना तळ ठाऊक होता, आणि कसा, ते त्यांनी तिसऱ्या वर्षी दाखविले. त्यांच्या पिशवीच्या तळाशी तेलकट कापडात एक जुनी सुती दोरी होती. ती मासे धरण्याची नव्हे. तिच्या टोकाला शिशाचे वजन, आणि दोरीवर रंगीत धाग्यांच्या गाठी. सरदारजी लायलपूरकडचे, फाळणीत मुलगा म्हणून इकडे आले, आणि तळ्याचा बांध पडत होता तेव्हा मातीकामावर हजेरीपट लिहिण्याच्या कामावर लागले. ज्यांचे लाहोर गेले त्यांच्यासाठी हे शहर बांधले जात होते. सरदारजी म्हणत, की शहर कोणी का बांधेना, तळ्याच्या मातीची पाटी न् पाटी माझ्या वहीत आहे. तळे भरल्यावर त्यांनी दरवाजांजवळच्या एका ठरलेल्या जागेवरून वजन सोडून खोली मोजली आणि दोरीला पहिली गाठ मारली. ती बारा हातांवर होती. पुढे दरवर्षी पावसाळा सरला आणि पातळीच्या पट्टीवर पाणी एका ठराविक खुणेला टेकले, की त्याच जागेवरून पुन्हा वजन सोडायचे आणि नव्या धाग्याची गाठ. ज्या वर्षी पाणी त्या खुणेला पोहोचलेच नाही, त्या वर्षी गाठ नाही. "खोटी गाठ मारली तर दोरी कशाला?" असे ते म्हणत.

मी ती दोरी हातातून सरकवीत गेलो. आरंभीच्या गाठी एकमेकींपासून बऱ्याच लांब होत्या. शिवालिकची माती भुसभुशीत; पावसाच्या एका झडीला डोंगराची कड विरघळून ओढ्यात येते, आणि त्या काळी ओढा थेट तळ्यात उतरत होता. माणसाने आखलेल्या तळ्यात डोंगर दरवर्षी न आखता येऊन बसत होता. पुढे १९७४ च्या सुमारास ओढ्याचे पाणी वळवून गाळ बाहेरच ठेवण्याची व्यवस्था झाली, पाणलोटाची पंचवीस चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन ताब्यात घेऊन तिच्यावर झाडे लावली, घळींत लहान लहान बंधारे घातले. दोरीवर ते दिसत होते. तिथून पुढे गाठी जवळ जवळ येत गेल्या, दाण्याला दाणा लागावा तशा. हातभर अंतरात कितीतरी वर्षे मावली होती. १९९३ ची गाठ, जी माझ्यासमोर पडली, सात हातांच्या किंचित खाली होती.

उन्हाळ्यात पाणी हटल्यावर शहरातली माणसे श्रमदानाने गाळ उपसायला जात. मीही चार पाट्या वाहिल्या आहेत. सरदारजी मात्र कधी आले नाहीत. एकदा विचारले तर म्हणाले, "मी पाट्या आत येताना मोजल्या आहेत, बाहेर जाताना मोजवत नाहीत."

एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. ज्या बंधाऱ्यांनी गाळ अडविला त्यांनीच पाणीही अडविले. तळे गाळापासून वाचले आणि तहानेच्या तडाख्यात सापडले. पुढची कित्येक वर्षे अशी गेली, की पट्टीवरची खूण कोरडी राहिली आणि दोरीला गाठ मिळाली नाही. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्वतःहून या तळ्याचा प्रश्न हाती घेतला आणि मार्च २०२० मध्ये तळे ही एक जिवंत व्यक्ती आहे असा निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने त्याचे पुढे काय व्हायचे ते होवो. पण गळ टाकणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे, याच एका भरवशावर तो बसलेला असतो.

मासे मिळत का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. मिळत. रोहूचे काटे हा एक स्वतंत्र शोकात्म विषय आहे, आणि चिपळूणच्या माणसाने तळ्याच्या मासळीला नाक मुरडावे हा रिवाज आहे. पण आमच्या घरी गावाहून आलेली आमसुले असत, आणि शिवड्याच्या तुकड्यांना ती लागली की तक्रार मावळे. सरदारजी आपला मासा बेसन आणि ओवा लावून तळीत. लहान मासा मात्र ते परत सोडीत, आणि सोडताना त्याला पंजाबीत काहीतरी दटावीत असत.

सरदारजी २००८ च्या हिवाळ्यात गेले. तेराव्या दिवसानंतर त्यांच्या सूनबाईंनी तेलकट कापडातले ते पुडके माझ्या हातात ठेवले. घरात ते काय आहे हे कोणाला नीटसे ठाऊक नव्हते. "मराठी बाऊजींना द्या," एवढे ते सांगून गेले होते. मी ते कपाटात ठेवले. त्या साली तळ्याचे दरवाजे उघडले होते, त्यानंतर मात्र पाण्याने दहा वर्षे वाट पाहायला लावली. एका हिवाळ्यात तर काठापासून कितीतरी आत भेगाळलेला गाळ दिसे. त्या ओल्या गाळाच्या कडेने दूरदेशीचे चक्रवाक आणि आपले काळे वारकरी पक्षी ओळीने चालत. कूपनलिकांचे पाणी सोडावे लागले. आम्ही गळकरी चारांचे दोन झालो.

सप्टेंबर २०१८ मध्ये पाऊस कोसळला, पाणी ११६३ फुटांच्या धोक्याच्या खुणेशी भिडले आणि दहा वर्षांनी पुन्हा दरवाजे उघडले. पुढच्या महिन्यात सरदारजींचा नातू घरी आला. तो कॅनडात मॅनिटोबा प्रांतात असतो. बोलता बोलता कळले, की तोही गळ टाकतो. तिकडे थंड सरोवरांत वॉलआय नावाचा एक शिकारी मासा आहे; कॅनडातले लोक त्याला पिकरेल म्हणतात. त्याच्या डोळ्यांच्या पडद्यामागे उजेड परतविणारा थर असतो, त्यामुळे बत्तीच्या झोतात तो डोळा काचेसारखा चमकतो. मी त्याचे नाव तिथेच 'काचडोळ्या' ठेवले. हा काचडोळ्या शरदातल्या संध्याकाळी, इतर मासे अंधारात चाचपडू लागले की उथळ पाण्यावर येतो, कारण त्या अंधुक वेळी त्याला त्यांच्यापेक्षा अधिक दिसते. "पाऊण तास मिळतो," नातू म्हणाला. "मग बोटे गोठतात." हा पाऊण तास कोणाकडून शिकलास, असे मी विचारले नाही.

मी कपाट उघडून पुडके काढले.

दुसऱ्या दिवशी पट्टीवरचे पाणी उतरत उतरत नेमके खुणेला आले होते, हा योगायोग. दोघे त्या जागेवर उभे राहिलो. वजन मी त्याच्याच हाती दिले. दोरी त्याच्या बोटांतून सरकत गेली आणि थांबली. त्याने ती ओढून धरली, जिथे पाणी लागले होते तिथे चिमटीत पकडली, आणि वर काढून गाठींशी लावून पाहिली. आजोबांच्या शेवटच्या गाठीपासून नवी खूण दीड बोट अंतरावर होती. म्हणजे इतक्या वर्षांत दीड बोट गाळ. त्याने दोनदा मोजले. त्याला ते अंतर फार वाटले की थोडे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. धागा आणायचे आम्ही दोघेही विसरलो होतो. त्याने अंगातल्या लोकरी स्वेटरच्या काठाचा एक लाल पदर दातांनी तोडला आणि गाठ मारली.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होऊन पुण्यास जायचा होतो, हे त्याला सांगितले. दोरी त्याने घेतली नाही. बांधावर त्या वेळी आणखी एक मुलगा गळ टाकून बसला होता, किशनगढ गावातला, असेल पंधरा-सोळा वर्षांचा. नातू त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला आणि त्याच्या काडीकडे बोट दाखवून म्हणाला, "दोरी किती सोडली आहेस?"

"अंदाजाने," मुलगा म्हणाला.

नातवाने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी पुडके घेऊन त्यांच्याकडे निघालो. उजेड अजून बराच होता.